परीक्षा कोणाच्या भाषेत?

जी भाषा विद्यार्थी अजून शिकतो आहे त्याच भाषेत त्याची परीक्षा घेतली, तर त्या परीक्षेत नेमके काय मोजले जाते? वरवर हा शिक्षणखात्याच्या सोयीचा प्रश्न दिसतो. मुळात मात्र तो ज्ञान म्हणजे काय आणि न्याय म्हणजे काय या दोन जुन्या प्रश्नांच्या सांध्यावर उभा आहे. गणिताच्या पेपरात इंग्रजीत एक उदाहरण असते: शेतकऱ्याने अमुक क्विंटल मका तमुक दराने विकला, हमाली आणि तोलाई वजा जाता त्याच्या हाती किती रक्कम आली? सिल्लोडच्या बाजारात वडिलांच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला हा हिशेब तोंडी येतो. कागदावर मात्र ‘वजा जाता’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दापाशी तो अडतो आणि उत्तराची जागा कोरी राहते. तपासणारा शून्य देतो. ते शून्य वजाबाकीचे की इंग्रजीचे, हे उत्तरपत्रिकेवरून कळायला मार्ग नसतो.

तराजूचे एक पारडे जड असले की दुकानदार दुसऱ्या पारड्यात खडा टाकून दोन्ही सारखी करून घेत. पारड्यांतल्या त्या फरकाला आणि तो भरून काढणाऱ्या खड्यालाही पासंग म्हणतात. पासंग काढला नाही तर वजने कितीही खरी असली तरी माप खोटेच येते. परीक्षेतली अनोळखी भाषा हा असा पासंग आहे. तो काढण्याचे उपाय अनेक आहेत. प्रश्नपत्रिकेचा अनुवाद करता येतो, प्रश्नांतली वाक्ये सोपी करता येतात, शब्दकोश आणि जादा वेळ देता येतो, तोंडी विचारता येते, आणि शेवटी अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळी, पर्यायी परीक्षाही घेता येते. सगळ्यात जास्त वाद या शेवटच्या उपायावर झाला आहे, कारण पासंग काढणे वेगळे आणि वजनच हलके घेणे वेगळे. पर्यायी परीक्षेत या दोहोंमधली रेघ फार लवकर पुसली जाते.

सिल्लोड तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा तालुका. अजिंठा गाव याच तालुक्यात, आणि लेणी घाट उतरल्यावर शेजारच्या सोयगाव तालुक्यात. इथे मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, उर्दू माध्यमाच्या आहेत, इंग्रजी माध्यमाच्या आहेत, आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी-इंग्रजीचे वर्गही आहेत. घरातली बोली मात्र या माध्यमांच्या चौकटीत मावत नाही. बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलतात, घाटाखाली खानदेशी वळण सुरू होते, आणि मुसलमान घरांतली दखनी पुस्तकातल्या उर्दूहून बरीच निराळी असते. म्हणजे इंग्रजी शिकत असलेले मूल हे या प्रश्नाचे फक्त एक रूप. गोरमाटी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्यासाठी मराठीही शिकायचीच भाषा असते. आजवर या मुलाकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे.

या प्रश्नाची तात्त्विक बाजू अजिंठ्याच्या डोंगररांगेशी जुन्या काळी जोडली गेली आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या कारकिर्दीत, अजिंठ्याच्या खोदकामाचा दुसरा मोठा टप्पा सुरू झाला. सोळावे लेणे त्याच्या वराहदेव या मंत्र्याने दिलेले आहे. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगाने महाराष्ट्रातल्या डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे वर्णन केले आहे. त्याच्या दारापाशी दोन बाजूंना दगडी हत्ती आहेत असे तो सांगतो, आणि अभ्यासक हा विहार अजिंठ्याचाच मानतात. दिङ्नाग हा आचार्य तिथे वरचेवर येऊन राहत असे, अशी जुनी आठवणही त्याने नोंदवली आहे. आठवण खरी असो वा नसो, भाषेवाचून ज्ञान होते की नाही या वादात दिङ्नाग हे सर्वांत मोठ्या नावांपैकी एक आहे.

दिङ्नागाने ‘प्रमाणसमुच्चय’ या ग्रंथात ज्ञानाची दोनच साधने मानली: प्रत्यक्ष आणि अनुमान. प्रत्यक्षाची त्याची व्याख्या अशी की त्यात कल्पनेचा, म्हणजे वस्तूला नाव आणि जात चिकटवण्याच्या क्रियेचा, अंश नसतो. डोळ्याला निळा रंग दिसतो त्या क्षणी ‘निळा’ हा शब्द अजून आलेला नसतो. शब्द मागाहून येतो आणि दिसलेल्या एकमेव वस्तूला सामान्य करून टाकतो. त्याच्या थोडा आधी होऊन गेलेला भर्तृहरी ‘वाक्यपदीया’त याच्या अगदी उलट बाजू मांडतो. त्याच्या मते शब्दाचा स्पर्श नसलेले ज्ञान सापडत नाही. विचार तोंडातून बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेतही तो वाणीचाच असतो, फक्त तिचे रूप सूक्ष्म असते. दिङ्नागाला भर्तृहरीचा ग्रंथ चांगला परिचित होता आणि त्याने त्यातून घेतलेही आहे, त्यामुळे हा मतभेद एकमेकांना न ओळखणाऱ्यांचा नाही.

परीक्षेच्या प्रश्नाला हे दोन्ही विचार लावले तर एक लक्षात येण्याजोगी गोष्ट घडते. निदान एका निष्कर्षावर दोघांचेही एकमत होते. भर्तृहरीच्या बाजूने पाहिले तर मुलाचे ज्ञान त्याच्या स्वतःच्या वाणीत विणलेले आहे. परक्या भाषेत विचारले की ते ज्ञान हाताशी येत नाही. दिङ्नागाच्या बाजूने पाहिले तर ज्ञानाचा गाभा शब्दाच्या अलीकडचा आहे. तेव्हा शब्द नाही म्हणून ज्ञान नाही, हा तर्कच चुकतो. कोणत्याही वाटेने गेले तरी कोऱ्या उत्तरावरून अज्ञान सिद्ध होत नाही. भेद पडतो तो उपायात. भर्तृहरीचा अनुयायी म्हणेल की मुलाला त्याच्या भाषेत विचारा. दिङ्नागाचा अनुयायी म्हणेल की शब्द बाजूला ठेवा. आकृती दाखवा, करून दाखवायला सांगा, वस्तू हातात द्या. आजच्या परीक्षांत हे दोन्ही उपाय वापरात आहेत, आणि दोन्हींच्या मर्यादाही दिसून आल्या आहेत.

शब्दांवाचूनच्या परीक्षेची मर्यादा अजिंठ्याच्या भिंतींवरच पाहता येते. तिथल्या जातककथांची चित्रे एक अक्षर न वाचताही मनात उतरतात. पण हत्ती आपले सुळे कोणाला आणि का देतो आहे, हे ज्याने षड्दंताची कथा कधी ऐकलीच नाही त्याला भिंत सांगत नाही. चित्रालाही आपली ओळखीची मंडळी लागतात. शब्दहीन कसोटी भाषेचा भार कमी करते. संस्कृतीचा भार तीही उचलतेच.

त्याच लेण्यांतले शिलालेख भाषेबद्दल आणखी एक गोष्ट सांगतात. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावरचा, इसवी सनापूर्वीच्या काळातला दानलेख प्राकृतात आहे. सुमारे सहा शतकांनंतर वराहदेवाचा लेख संस्कृतात आणि छंदोबद्ध कोरलेला आहे. डोंगर तोच, धर्म तोच, दानाचा हेतूही तोच. मधल्या काळात प्रतिष्ठेची भाषा बदलली. जी भाषा आज परीक्षेची म्हणून अढळ वाटते, तीही अशाच बदलातून त्या जागी आलेली असते.

बौद्ध परंपरेत हा प्रश्न आधीच विचारला गेला होता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. जन्माने ब्राह्मण असलेले, बोलण्यात सफाई असलेले दोन भिक्षू बुद्धाकडे तक्रार घेऊन येतात. नाना कुळांचे आणि नाना प्रदेशांचे भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते वेदासारख्या छंदबद्ध भाषेत बसवण्याची परवानगी द्यावी, अशी त्यांची विनंती. बुद्ध ती नाकारतो, त्यांना दोष देतो आणि वचन ‘स्वतःच्या’ निरुत्तीत, म्हणजे बोलीत, शिकण्याची मुभा देतो. पण हे ‘स्वतःच्या’ कोणाचे? पाचव्या शतकातला भाष्यकार बुद्धघोष म्हणतो की बुद्धाच्या स्वतःच्या, म्हणजे मागधीत. आधुनिक अभ्यासकांपैकी बहुतेक जण म्हणतात की शिकणाऱ्याच्या स्वतःच्या. पालीचे व्याकरण दोन्ही अर्थांना वाव देते.

भाषा आणि परीक्षा यांचा सगळा वाद या एका सर्वनामात सामावलेला आहे. ‘आपल्या भाषेत’ म्हणताना बहुतेक परीक्षा बुद्धघोषाचा अर्थ धरतात: आपली म्हणजे परीक्षा घेणाऱ्याची. प्रसंगाचा संदर्भ मात्र दुसऱ्या अर्थाच्या बाजूने बोलतो, कारण तक्रार अनेक बोलींविरुद्ध होती आणि बुद्धाने ती फेटाळली. एकाच प्रमाणबोलीचा आग्रह धरायचा असता तर तक्रारदारांना दोष देण्याचे कारण फारसे उरत नाही. महानुभाव पंथातही पुढे हाच निर्णय झाला. पंथाचे विचार संस्कृतात मांडण्याकडे विद्वान शिष्यांचा कल दिसू लागला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला नकार दिला, आणि चक्रधरांनी मराठीत सांगितलेले ज्ञान संस्कृतात गेल्यास साध्या म्हाताऱ्या बायांना त्याला मुकावे लागेल, असे कारण दिले, अशी ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथातली नोंद आहे.

‘आपली भाषा’ याचा तिसराही एक अर्थ आहे आणि तो टाळून चालणार नाही: शिकणाऱ्याने किंवा त्याच्या आईवडिलांनी निवडलेली भाषा. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकातल्या प्रकरणात असा निर्णय दिला की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच घ्यावे अशी सक्ती राज्याला करता येत नाही; मुलाची मातृभाषा कोणती हे ठरवण्याचा अधिकार पालकांचा आहे. सिल्लोडसारख्या तालुक्यात सेमी-इंग्रजीची मागणी पालकांकडूनच होते आणि ती समजण्यासारखी आहे. बारावी विज्ञान, वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे शिक्षण इंग्रजीतून होते हे त्यांना ठाऊक आहे. पण भाषा निवडणे आणि भाषा येणे यांच्या मध्ये काही वर्षे असतात. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९पासून हा फरक मांडला: रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकातली, कारणे आणि व्याख्या सांगणारी भाषा यायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. मुलाला इंग्रजी ‘बोलता’ येते म्हणून इंग्रजीतला पेपर कळतो असे मानणे ही या क्षेत्रातली सर्वांत सार्वत्रिक चूक आहे.

आता न्यायाची बाजू. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ, नावाऐवजी आसनक्रमांक, ही व्यवस्था पक्षपाताविरुद्ध उभी राहिली आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. ज्या मुलाच्या मागे ना ओळख ना पैसा, त्याला याच आंधळ्या व्यवस्थेने वर काढले आहे. म्हणून ‘याला वेगळे माप लावा’ असे कोणी म्हटले की मनात शंका येणे योग्यच आहे.

ही शंका भारतीय परंपरेत आणखी खोल जाते. वेदान्ताच्या ग्रंथात आरंभीच अनुबंधचतुष्टय सांगतात: ग्रंथाचा अधिकारी कोण, विषय काय, ग्रंथ आणि विषय यांचा संबंध काय आणि प्रयोजन काय. यातली अधिकाराची कल्पना मुळात तयारीची आहे. ज्याची जेवढी तयारी, त्याला तेवढे आणि तसे सांगावे. शिकवणाऱ्या कोणालाही हे पटेल. पण इतिहासात हाच अधिकार तयारीवरून जन्मावर सरकला. जे स्त्रियांना आणि शूद्रांना ‘अजून नाही’ असे सांगायचे होते, ते ‘कधीच नाही’ झाले, आणि त्यांच्यासाठी निराळे, कमी दर्जाचे दार ठेवले गेले. भाषा शिकत असलेल्यांसाठीच्या पर्यायी परीक्षेला हाच धोका आहे. ‘अजून’ हा शब्द जोवर खरा आहे तोवरच ती परीक्षा न्यायाची. तो गळाला की ती परीक्षा वेगळ्या जातीची पंगत होते.

पैठणची कथा इथे आठवते, आणि ती सिल्लोडच्याच जिल्ह्यातली आहे. संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत झालेल्या निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई यांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मसभेपुढे उभे राहावे लागले. परंपरा हा प्रसंग शके १२०९, म्हणजे इसवी सन १२८७चा मानते. रेड्यामुखी वेद वदवल्याची आख्यायिका याच वेळची. आख्यायिकेला इतिहास मानण्याची गरज नाही. परीक्षेविषयीचा विचार म्हणून ती विलक्षण आहे. वेदाचा उच्चार हीच जर पात्रतेची कसोटी असेल, तर तो उच्चार रेडाही करू शकतो, मग कसोटीने नेमके काय ओळखले? परीक्षकांच्या भाषेत अचूक बोलणे आणि जाणणे या दोन गोष्टी या कथेने एका झटक्यात वेगळ्या केल्या. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, शके १२१२मध्ये, नेवाशाला गीतेवरची मराठी टीका पूर्ण झाली. ज्ञानदेवांनी भाषा बदलली, विषयाची खोली मात्र तसूभरही कमी केली नाही. पासंग काढला, वजन तेच ठेवले, याचे यापेक्षा ठळक उदाहरण मराठीत सापडणार नाही.

नजीकच्या इतिहासातही सिल्लोडच्या मुलाने परक्या भाषेत परीक्षा दिलेली आहे, आणि ती भाषा इंग्रजी नव्हती. १९४८पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू होती. १९१७च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाचा पाया घातला गेला आणि १९१८मध्ये ते अस्तित्वात आले. इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवून बाकीचे उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा हा प्रयोग होता. त्यासाठी स्वतंत्र अनुवाद विभाग उभारून शास्त्रांची पुस्तके उर्दूत आणली गेली. औरंगाबादच्या उस्मानिया कॉलेजचे प्राचार्य असलेले मौलवी अब्दुल हक याच शहरातून अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे काम चालवत. आधुनिक शास्त्रे भारतीय भाषेत शिकवता येतात हे या प्रयोगाने दाखवून दिले. त्याचबरोबर संस्थानातल्या बहुसंख्य मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलांना आपल्या भाषेऐवजी आणखी एका परक्या भाषेची परीक्षा द्यावी लागली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ‘आपली भाषा’ हे शब्द राजसत्तेच्या तोंडून आले की त्यांचा अर्थ बुद्धघोषाच्या बाजूला झुकतो. १९४८नंतर उस्मानियात उर्दूच्या जागी इंग्रजी आली, आणि पासंग एका पारड्यातून उचलून दुसऱ्यात टाकला गेला.

पर्यायी परीक्षेचा सर्वांत सविस्तर अनुभव अमेरिकेचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या इंग्रजी न येणाऱ्या सुमारे १८०० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांना भाषेची कोणतीच जादा मदत मिळत नव्हती. १९७४मध्ये ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की तीच पुस्तके, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक दिली असे होत नाही. भाषा न कळणाऱ्या मुलाला त्यातले काहीच मिळत नाही. पण २००२च्या शालेय कायद्याने सर्व मुलांना राज्याच्या वार्षिक परीक्षेत मोजणे बंधनकारक केले, तेव्हा पेच निर्माण झाला. इलिनॉय राज्यात इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी ‘इमेज’ नावाची वेगळी परीक्षा होती. तिच्या पूर्ण नावाचा अर्थच ‘इंग्रजीतल्या वार्षिक वाढीचे माप’ असा होता. ती राज्याच्या विषयवार अपेक्षांशी जुळत नाही, असे म्हणून केंद्राने ती स्वीकारली नाही, आणि २००८पासून ती मुले काही सवलतींसह सर्वांच्याच परीक्षेला बसू लागली.

हा निर्णय एका परीने बरोबर होता आणि एका परीने क्रूर. वेगळ्या परीक्षेत गेलेली मुले हिशेबातून दिसेनाशी होतात. त्यांना विज्ञान शिकवले की नाही हे कोणी विचारत नाही. सर्वांच्या परीक्षेत आणली की ती दिसतात, पण बहुतेकदा शून्य म्हणून. पुढे २०१५च्या कायद्याने देशात येऊन बारा महिने न झालेल्या मुलांना एका वेळेपुरते वाचनाच्या परीक्षेतून वगळण्याची मुभा दिली. इंग्रजी किती आली हे दरवर्षी स्वतंत्रपणे मोजण्याची तरतूद तिथे आधीपासून आहे. या सगळ्या खटपटीतून एक तत्त्व स्पष्ट झाले: भाषा आणि विषय ही दोन मापे आहेत, ती दोन तराजूंवर घ्यावीत. एकाच आकड्यात दोन्ही कोंबली की तो आकडा दोहोंविषयीही खोटे बोलतो.

भारतात वेगळ्या परीक्षेपेक्षा अनुवादाचा मार्ग अधिक रुळला आहे. महाराष्ट्राचे राज्य मंडळ दहावीची परीक्षा आठ माध्यमांतून घेते आणि बालभारतीची पुस्तकेही त्या भाषांत निघतात. हे काम मोठे आहे आणि त्याची कदर पुरेशी होत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत मात्र अनुवादाची कसोटी लागली. २०१७मध्ये ती मराठीसह दहा भाषांत झाली, पण प्रादेशिक भाषांतल्या प्रश्नपत्रिका इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेहून वेगळ्या होत्या आणि काठिण्यपातळी सारखी नसल्याच्या तक्रारी झाल्या. त्यानंतर एकाच प्रश्नपत्रिकेचे अनुवाद देण्याचे ठरले. सर्वोच्च न्यायालयात झालेल्या सुनावणीनंतर २०१८पासून उर्दूचा समावेश झाला. त्याच वर्षी तमीळ अनुवादातल्या ४९ प्रश्नांत चुका निघाल्या. मद्रास उच्च न्यायालयाने प्रत्येकी चार याप्रमाणे १९६ गुण देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने आधी त्याला स्थगिती दिली आणि नंतर तो रद्द केला. या परीक्षेचा नियम असा की अनुवादात संदिग्धता असेल तर इंग्रजी प्रश्नच अंतिम मानावा. व्यवहाराच्या दृष्टीने हा नियम समजतो. तत्त्वाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा होतो की अनुवाद वाचून उत्तर देणाऱ्याने न वाचलेल्या मजकुरावर त्याचे गुण ठरतात. अनुवाद हा हक्क मानला असेल, तर त्यातल्या चुकीचा भार विद्यार्थ्यावर पडता कामा नये.

अनुवादाला आणखी एक मर्यादा आहे. परीक्षेची भाषा घरातल्या भाषेशी जुळली तरी शिकवण्याच्या भाषेशी जुळली नाही तर उपयोग होत नाही. सेमी-इंग्रजीत शिकलेल्या मुलाने ‘फोटोसिंथेसिस’ हाच शब्द वर्षभर ऐकलेला असतो. त्याला मराठी प्रश्नपत्रिकेत ‘प्रकाशसंश्लेषण’ दिसले तर स्वतःची मातृभाषाच परकी वाटते. भर्तृहरीच्या भाषेत सांगायचे तर ज्ञान ज्या शब्दांत विणले गेले, त्या शब्दांत ते विचारायला हवे. ते शब्द कोणत्या शब्दकोशातले, हे दुय्यम. दोन्ही भाषांत शेजारी शेजारी छापलेला प्रश्न हा या बाबतीत सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे.

दिङ्नागाच्या वाटेचे उदाहरण जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत दिसते. सिल्लोडच्या पाचवीतल्या मुलांना कन्नडच्या नवोदयाची ओढ असते. परीक्षा १०० गुणांची, प्रश्न ८०. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे ५० गुण, मानसिक क्षमतेचे. निराळी आकृती ओळखणे, अपुरी आकृती पुरी करणे, आरशातले रूप ओळखणे. उरलेले गुण अंकगणित आणि भाषा यांत सारखे वाटलेले आहेत. परीक्षा मराठीत किंवा उर्दूतही देता येते. निम्मे गुण शब्दांवाचून मिळू शकतात, ही गोष्ट तांड्यावरच्या मुलासाठी मोठी आहे. पण आकृत्यांचा सराव करून घेणारा वर्ग ज्याला मिळाला आणि ज्याला मिळाला नाही, यांतला फरक आकृती झाकत नाही. षड्दंताच्या भिंतीपुढे उभे राहावे तसेच हे आहे. शिवाय त्याच विद्यालयात सातवी-आठवीनंतर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून सुरू होते. प्रवेशाच्या वेळी काढलेला पासंग तिथे परत पारड्यात येतो. फरक इतकाच की तोवर निवासी शाळेत इंग्रजी शिकायला दोन-तीन वर्षे मिळालेली असतात, आणि हा फरक क्षुल्लक नाही.

कायद्याने या मुलांकडे पाठ फिरवलेली नाही. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न करावा असे सांगते. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९मध्ये शिकवण्याचे माध्यम शक्य असेल तिथवर मुलाची मातृभाषा असावी, आणि मुलाला काय समजले व ते वापरता येते का याचे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन व्हावे, अशी अपेक्षा आहे. ‘शक्य असेल तिथवर’ या शब्दांच्या पलीकडे गोरमाटी राहते. तिला मंडळाचे माध्यम नाही, प्रश्नपत्रिका नाही, आणि तिच्यात अनुवाद केला तरी लिपीत वाचण्याची सवय मुलांना नाही. अशा मुलासाठी लेखी पर्यायी परीक्षा हा उपायच नव्हे. तिथे तोंडी परीक्षा लागते, आणि ती घेणाऱ्याला गोरमाटी यावी लागते.

शिक्षणहक्क कायद्यात २०१९मध्ये दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने २०२३-२४पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांत त्याची फेरपरीक्षा घ्यायची, आणि त्यातही तो उत्तीर्ण झाला नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवता येते. त्यामुळे उत्तरपत्रिकेवरचे शून्य कशाचे हा प्रश्न आता एका मुलाच्या पूर्ण वर्षाचा आहे. त्या दोन महिन्यांच्या पहिल्याच दिवशी शिक्षकाला एक साधी गोष्ट करता येते. पेपरातली तीच दहा उदाहरणे मुलाला त्याच्या बोलीत तोंडी विचारायची. स्वतःला ती बोली येत नसेल तर तांड्यावरच्या एखाद्या मोठ्या मुलीला शेजारी बसवायचे. दहापैकी आठ बरोबर आली तर पुढचे आठ आठवडे मराठी वाचनाला द्यायचे. दोनच आली तर वजाबाकी पहिल्यापासून घ्यायची.